मामाचे हात मध्येच थांबतात

मुलांनो, एक कल्पना करा. डोळे मिटायला सांगत नाही, कारण तुम्ही डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच करा. काल वर्गात झालेली गंमत तुम्ही तुमच्या जिवलग मैत्रिणीला सांगताय. “आणि मग ना, सरांची खुर्ची...” एवढं म्हणताय, तोच मागून कुणीतरी येऊन तुमच्या तोंडावर हात ठेवतं. थोड्या वेळाने हात निघतो. तुम्ही म्हणता, “...आणि सगळा वर्ग...” की पुन्हा हात. मैत्रिणीला काय कळलं? खुर्ची आणि वर्ग. खरी गंमत सगळी त्या हाताखाली गेली. आता चिडून तुम्ही घरच्यांकडे तक्रार करता, तर घरचे म्हणतात, “आम्हाला तर काहीच अडचण नाही बुवा, आम्ही छान बोलतोय.”

तुमच्या तळपायाची आग मस्तकात जाईल की नाही? भिंगरीच्या मामाची जायची.

भिंगरी ही आपल्या गोष्टीतली मुलगी. शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळं आहे. भिंगरी हे नाव मामाने ठेवलेलं, आणि तेही तोंडाने नाही, बोटाने. मामाला जन्मापासून ऐकू येत नाही. तो हातांनी बोलतो. हवेत एक बोट गरागरा फिरवलं की ती भिंगरी, कारण ही मुलगी एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही.

मामा बहिणीच्या घरी, म्हणजे भिंगरीच्या घरी, मागच्या खोलीत राहायचा. घरातल्या प्रत्येकाला त्याने हातांनी नाव ठेवलं होतं, आणि ती नावं त्याने तोंडाने ठेवली असती तर त्याला जिन्यात झोपावं लागलं असतं. आत्याचं नाव म्हणजे कानाला चिकटलेला तळवा, कारण तिच्या कानापासून फोन कधी सुटत नसे. बाबांचं नाव म्हणजे एकामागून एक सगळे खिसे चाचपणं. आजीचं नाव म्हणजे पातेल्यावरचं झाकण उचलून संशयाने आत बघणं. आणि आजोबांचं नाव म्हणजे गाल फुगवून तोंडाची उघडझाप, अगदी माशासारखी. आजोबांना वाटायचं, आपण बैठकीच्या खोलीत मासे पाळलेत म्हणून हे नाव. ज्यांनी आजोबांना जेवताना पाहिलंय त्यांना खरं कारण माहीत होतं.

राहिली आई. आई दवाखान्यात परिचारिका होती आणि तिच्या कामाच्या पाळ्या अशा असायच्या की घरी आली की ती झोपायची. म्हणून तिचं नाव गालाखाली दोन हात. पण जागी असली की मामाशी फडाफडा बोलायची ती आई आणि भिंगरीच. बाकीचे चारदोन खुणांवर भागवायचे.

मामा एका फर्निचरच्या कारखान्यात लाकूडकाम करायचा. काम असं सुरेख की दोन फळ्यांच्या सांध्यात नखही जायचं नाही. पण मालकाला मामाला बोलवायचं असलं की तो लाकडाचा ढलपा उचलून मामाच्या पाठीत मारायचा. खांद्यावर हात ठेवला असता तरी चाललं असतं, पण त्यासाठी खुर्चीतून उठावं लागतं.

आणि एक दिवस मामाला दुसऱ्या गावातल्या एका शाळेकडून निरोप आला. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. तिथे लाकूडकाम शिकवायला माणूस हवा होता. मोठ्या बाईंनी लिहिलं होतं, ‘येत्या शनिवारी सकाळी पडद्यावरून मुलांचा एक तास घेऊन दाखवा. मुलांना तुमचे हात समजले, तर जागा तुमची.’

मामाने तो निरोप भिंगरीला दाखवला, आईला दाखवला, आजोबांच्या माशांनाही दाखवला. मग तो तासाची तयारी करायला बसला. खिळा न मारता दोन लाकडं एकमेकांत कशी अडकवायची, हे तो शिकवणार होता. सरावासाठी त्याने आपल्या मित्राला व्हिडिओ फोन लावला. हा मित्र शिंपी, लांबच्या गावी राहणारा, तोही हातांनीच बोलणारा. मामाने समोर लाकडाचे तुकडे मांडले आणि शिकवायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने मित्र हसायला लागला. त्याने हातांनी सांगितलं, “अरे, तू पुतळा झालायस. डोक्यावर कबूतर बसायचं तेवढं राहिलंय.”

मामाने पुन्हा केलं. मित्र म्हणाला, “लाकूड उचललंस. मग एकदम दोन्ही लाकडं जोडलेली दिसली. मधलं कुठे गेलं?”

मधलं म्हणजेच तर सगळा धडा होता. चित्र चालता चालता थांबत होतं, आणि थांबलेल्या चित्रातला हात म्हणजे तोंडावर ठेवलेला हात. शनिवारी असंच झालं असतं तर मुलांना मामाचे हात समजणार कसे? आणि नाही समजले, तर सोमवारी पुन्हा तोच कारखाना आणि तेच ढलपे.

मामाने भिंगरीला बोलावलं. भिंगरीने घर गोळा केलं.

“नेट बिघडलंय,” ती म्हणाली.

“छे,” आत्या म्हणाली. तिने फोन कानापासून वीतभर लांब केला, एवढाच. “मी केव्हाची बोलतेय. आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा.”

बाबांनी खिसे चाचपून आपला फोन काढला आणि बातम्या लावल्या. “हे बघ. स्वच्छ ऐकू येतंय.”

“येतंय की,” आजी म्हणाली. “मग बिघडलंय कुठे?”

“आवाज मामाच्या काय कामाचा?” भिंगरीने विचारलं.

बाबांनी बातम्यांचा आवाज आणखी वाढवला. मग बाबा म्हणाले, “पण आवाज येतोय हे चांगलंच आहे ना.”

हसू नका. सगळं जग असंच करतं. नेट चालतंय का हे बघायला लोक ‘हॅलो, हॅलो’ म्हणतात आणि पलीकडून ‘हॅलो’ आलं की खूश होतात. आता हे लक्षात ठेवा: इंटरनेटच्या रस्त्याने आवाज जातो तो पोस्टकार्डासारखा. चित्र जातं ते कपाटासारखं. अरुंद जिन्यात कपाट अडकलं तरी बाजूच्या फटीतून पोस्टकार्ड जातं. म्हणून तोंडाने बोलणाऱ्यांचं चित्र थांबलं तरी त्यांची बडबड चालूच राहते, आणि जिना अडलाय हे त्यांच्या गावीही नसतं. मामाचं तर सगळं बोलणंच कपाटात.

भिंगरीने नेटच्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक दादा बोलायला लागले.

“बोला मॅडम, काय तक्रार आहे?”

“चित्र थांबतंय.”

“आवाज येतोय का?”

“येतोय. पण मामाला नाही येत.”

“मग स्पीकर तपासा.”

“स्पीकर चांगला आहे. मामाला ऐकू येत नाही.”

“बरोबर. मग आवाज वाढवून बघा.”

भिंगरीने फोनकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, “दादा, मामाला कसलंच ऐकू येत नाही. आवाज वाढवला तर शेजारचे येतील, मामा नाही येणार.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. कागदावर लिहून दिलेल्या प्रश्नांत हे बसत नसावं. “राउटर बंद करून चालू केलात का?” त्यांनी विचारलं.

मामा बाजूला उभा राहून विचारत होता, काय म्हणतो? भिंगरीने दोन्ही खांदे उडवले. मामाने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून नेटच्या कंपनीचं नाव पडलं: उडवलेले खांदे.

राउटर बंद करून चालू केला. काही फरक नाही. पण त्यासाठी राउटर शोधावा लागला, आणि तो शोधताना एक गोष्ट ध्यानात आली. राउटर म्हणजे बाहेरून तारेतून आलेलं इंटरनेट घरभर हवेतून वाटणारी ती दिवेवाली पेटी. ती भिंगरीच्या घरी कुठे होती? माशांच्या टाकीच्या मागे. आजोबांनी ठेवली होती.

“ते हिरवे दिवे असले की माशांना करमतं,” आजोबा म्हणाले.

भिंगरी हातात फोन घेऊन घरभर फिरली. फोनवर वायफायच्या रेघा दिसतात ना, त्या मोजत. टाकीच्या एका बाजूला उभं राहिलं की रेघा भरलेल्या, टाकी मध्ये आली की रेघा गळालेल्या. आणि मामाची खोली बरोबर टाकीच्या पलीकडे. पाणी वायफायच्या लहरी गिळतं. टाकीभर पाण्यामागे राउटर ठेवणं म्हणजे दिवा लावून त्यावर बादली पालथी घालणं.

बाबांनी राउटर काढला आणि मधल्या वाटेत उंच फळीवर ठेवला.

“माशांना अंधार होईल,” आजोबा कुरकुरले.

“माशांना काय अभ्यास करायचाय?” आजी म्हणाली.

फळीवर राउटर चढला आणि घरात आनंदीआनंद झाला. मामाच्या खोलीत सगळ्या रेघा भरल्या. आत्याने तीन मैत्रिणींना फोन करून नेट सुधारल्याची बातमी दिली. बाबा कमरेवर हात ठेवून फळीकडे असे बघत उभे राहिले की जणू राउटरचा शोध त्यांनीच लावला. मामाने मित्राला फोन लावला.

मित्र म्हणाला, “पुतळा. पण पहिल्यापेक्षा जरा ताजा.”

तेव्हा भिंगरीने जे केलं ते घरातल्या एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती खालच्या मजल्यावर गेली. तिथे एक काकू राहायच्या, त्यांचं नेट वेगळं, त्यांचं त्यांचं. काकूंच्या सोफ्यावर बसून, त्यांच्याच नेटवरून भिंगरीने मामाला फोन लावला. वर मामा, खाली भिंगरी. म्हणजे मामा परक्याला कसा दिसतो हे ती पहिल्यांदाच बघत होती.

मामा दिसला. हसला. हात उचलला. आणि तसाच थांबला, एक डोळा अर्धा मिटलेला, जीभ किंचित बाहेर.

“तुझ्या मामाला बरं नाही का गं?” काकू तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाल्या.

“त्याला बरंय. आमच्या नेटला नाही.”

भिंगरी फोन चालू ठेवूनच जिन्याने वर धावली. दार ढकलून आत शिरली तर मामा खोलीत मजेत हातवारे करतोय, अजिबात न थांबता.

“मी तुला दिसत होते का?” तिने हातांनी विचारलं.

“झकास,” मामा म्हणाला. “काकूंचा डोकावणारा चष्माही दिसला.”

आता बघा, इथे भिंगरीला उलगडलं. खालून वर चित्र धावत येतंय. वरून खाली जाताना अडतंय. घराला इंटरनेटची दोन दारं असतात. आत येणारं दार बहुतेक घरांत ऐसपैस असतं, कारण माणसं बघतात फार आणि पाठवतात थोडं. बाहेर जाणारं दार पुष्कळदा मांजरापुरतं. बातम्या, सिनेमे, आत्याच्या मैत्रिणी, सगळे मोठ्या दाराने आत यायचे. मामाचे हात मात्र त्या मांजराच्या दारातून बाहेर जायचे. आणि तिथे कुणीतरी अंग पसरून बसलं होतं.

“सगळ्यांनी सगळं बंद करा,” भिंगरीने घरात फिरून सांगितलं. “फोन, टीव्ही, सगळं. जेवढं नेटला लागलंय तेवढं.”

“माझा फोनही?” आत्याने विचारलं.

“तुझा आधी.”

आत्याने फोन बंद केला आणि रिकाम्या हाताचं काय करायचं ते न कळून तो तसाच कानाला लावून बसली. बाबांनी टीव्हीची वायर काढली. आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, बंद केला. आजोबा आतल्या खोलीतून म्हणाले, केव्हाच बंद केला, मी पेपर वाचतोय.

भिंगरी स्टुलावर चढून राउटरचे दिवे बघत उभी राहिली. नेटवरून काही येत-जात असलं की त्यातला एक दिवा लुकलुकतो. घरात सगळं बंद असेल तर तो कसा हवा? पेंगुळल्यासारखा. मधूनच एखादी उघडझाप, बस. पण तो दिवा तर थयथयाट करत होता. शेजाऱ्यांनी पासवर्ड चोरला म्हणावं, तर तो बाबांनी इतका लांबलचक ठेवला होता की बाबांनाही येत नव्हता.

ती स्टुलावरून उतरली आणि बैठकीच्या खोलीत टाकीसमोर जमिनीवर जाऊन बसली. डोकं चालत नसलं की ती तिथेच बसायची. काचेला नाक लावून तिने माशांना गाल फुगवून दाखवले. माशांनी काही मनावर घेतलं नाही. मग ती कंटाळून मागे सरली आणि भिंतीला टेकली.

ती टेकून बरीच स्थिरावली, तेव्हा आतल्या खोलीतून आजोबा ओरडले, “डोकं बाजूला घे गं. काळा मासा दिसेना.”

भिंगरीने इकडेतिकडे पाहिलं. डोकं तर तिने मघाशीच बाजूला घेतलं होतं. आणि आजोबा भिंतीपलीकडे होते.

“आजोबा, तुम्हाला माझं डोकं कसं दिसलं?”

आत पेपर जोरात सळसळला. मग आजोबा म्हणाले, “अंदाजाने.”

भिंगरी उठली. टाकीच्या बाजूला, पाणी गाळणाऱ्या पंपाला टेकवून, आजोबांचा जुना फोन उभा होता. तोच, जो आजोबांनी मोडीत दिलाय असं सगळ्यांना वाटत होतं. त्याच्या पडद्यावर मासे पोहत होते, आणि खाली लिहिलं होतं: थेट प्रक्षेपण, पाहणारे दोन.

ती आतल्या खोलीत गेली. आजोबा पलंगावर, तोंडासमोर पेपर. पेपर उलटा. तिने तो खाली केला. आत टॅबलेट, टॅबलेटमध्ये मासे.

“लोकांना दाखवतो,” आजोबा हनुवटी वर करून म्हणाले. “जगभर बघतात.”

“दोन जण बघताहेत.”

“त्यातला एक मी.”

“आणि दुसरं कोण?”

स्वयंपाकघरात कशावर तरी घाईघाईने झाकण पडलं.

आजोबांचा आवाज जरा उतरला. “गुडघे दुखतात गं. सारखं उठून कोण जाणार? इथून दिसतात मला.”

भिंगरी त्यांच्याशेजारी पलंगावर बसली. रागवायला आली होती, पण गुडघ्यांवर काय रागवणार? तिने सांगितलं, “आजोबा, हा मासा भिंतीपलीकडे आहे. पण तुमच्यापर्यंत यायला तो आधी लहान दाराने घराबाहेर पडतो, कुठल्यातरी लांबच्या यंत्रात शिरतो, आणि तिथून उलटा मोठ्या दाराने घरात येतो. म्हणून माझं डोकं गेल्यावर तुम्हाला डोकं दिसलं.”

आजोबांनी टॅबलेटकडे कौतुकाने पाहिलं. “बराच पोहतो की.”

“पोहतो. आणि मामाचे हात दारात अडकतात.”

आजोबांनी टॅबलेट बाजूला ठेवला. ते उठले, गुडघे धरून बैठकीच्या खोलीत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो फोन बंद केला. मामा दारात उभा होता. भिंगरीने त्याला सगळं सांगितल्यावर तो इतका हसला की खाली बसला. मग त्याने बाबांना खेचत नेलं आणि दोघांनी मिळून आजोबांचा पलंग फिरवला. आता दार उघडं ठेवलं की पलंगावरून टाकी दिसायची. आजोबा म्हणाले, चित्र टॅबलेटपेक्षा बरंय, नुसता आवाज कमी येतो.

मित्राला फोन लावला. मामाने लाकूड उचललं, कापलं, सरकवलं, अडकवलं. मित्र बघत राहिला. शेवटी त्याने विचारलं, “कबूतर कुठे उडालं?”

शनिवार उजाडला. भिंगरीने आणखी एक शहाणपणाचं काम केलं. हवेवर भरवसा नको म्हणून तिने राउटरपासून मामाच्या लॅपटॉपपर्यंत तार ओढली, दारांच्या कडेकडेने, चिकटपट्टी लावत. बाबांनी लाकूड नीट दिसावं म्हणून दिवा धरून जागा ठरवली. आत्या म्हणाली, “आम्ही खोलीत अजिबात येणार नाही हं. मामाला बुजल्यासारखं होईल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे शहाण्यासारखे आपापल्या खोलीत गेले. भिंगरीला हे जरा जास्तच सोपं वाटलं, पण मामा सदऱ्याची बटणं चुकीच्या काजांत लावत होता, म्हणून ती तिकडेच बघत राहिली.

तास सुरू झाला. पडद्यावर मोठ्या बाई, आणि त्यांच्याभोवती बाकांवर दाटीवाटीने मुलं. मामाने नमस्कार केला. मग स्वतःचं नाव सांगितलं, शाळेतल्या मुलांनी ते हातांनी म्हणून पाहिलं, आणि मामाने बाह्या सरसावल्या. त्याने लाकडाचा पहिला तुकडा उचलला. त्याच्या टोकाला जीभ कशी कोरायची ते दाखवलं. दुसऱ्या तुकड्याला तोंड कसं पाडायचं ते दाखवलं. “जीभ तोंडापेक्षा मोठी झाली तर काय होईल?” त्याने विचारलं. एका मुलाने उत्तर दिलं, “आमच्या मुख्याध्यापकांसारखं होईल.” मोठ्या बाई हसल्या, कारण मुख्याध्यापक त्याच होत्या.

आणि तेवढ्यात पडद्याच्या कडेला एक नवी चौकट उघडली. तिच्यात दोन नाकपुड्या होत्या. आजोबा.

दुसरी चौकट उघडली. तिच्यात छत आणि पंखा. आत्या. तिसरीत एक खिसा आतून दिसत होता. चौथीत पातेलं. पाचवीत आई होती, दवाखान्याच्या कोपऱ्यात, टोपी सावरत.

झालं होतं असं: बाबांनी शाळेने पाठवलेली लिंक सकाळीच घरच्या ग्रुपवर टाकली होती. आणि ‘खोलीत येणार नाही’ म्हणून शपथ घेतलेले सगळे आपापल्या खोलीतून, आपापल्या फोनवरून, कॅमेरे सताड उघडे ठेवून तास बघायला बसले होते. मायेनेच बसले होते. पण माया असली तरी चार कपाटं ती चार कपाटंच. आणि ती चारही कपाटं त्या मांजराच्या दारातून बाहेर निघाली होती.

पडद्यावर मुलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला विचारत होती, काय म्हणाले? शेजारीण म्हणाली, कळलं नाही. मोठ्या बाई पुढे वाकून बघू लागल्या. मामाला अजून पत्ता नव्हता. तो जीव ओतून शिकवत होता, आणि तिकडे तो पुतळा झाला होता.

“कॅमेरे बंद करा,” भिंगरी जीव खाऊन ओरडली. या तासात कितीही ओरडलं तरी कुणाला त्रास होणार नव्हता, ही एक सोय होती.

“कुठून बंद करायचा?” आजोबांनी आतून विचारलं.

“मी बंदच ठेवलाय,” बाबा खिशातून म्हणाले.

“थांब गं, आत्ता कुठे दिसायला लागलंय,” आत्या म्हणाली.

एकेकाच्या खोलीत जाऊन एकेकाला समजावत बसायला वेळ नव्हता. राउटरची वायर उपटली असती तर मामाचा तासही गेला असता. भिंगरी मधल्या वाटेत धावली, स्टुलावर चढली आणि राउटर उलटा करून पाहिला. पुष्कळ राउटरांच्या पाठीवर एक बारीक बटण असतं, त्यावर वायफाय असं लिहिलेलं. ते दाबलं की हवेतून वाटप बंद. तारेतून मात्र चालूच. आणि घरात तार फक्त एकालाच होती.

तिने बटण दाबलं.

नाकपुड्या गेल्या. पंखा गेला. खिसा गेला, पातेलं गेलं. पडद्याच्या कडेला आईची एकच चौकट उरली, कारण तिचं नेट दवाखान्याचं होतं. मामाचे हात चालू लागले. पुढच्या बाकावरच्या मुलीच्या आठ्या गेल्या. तिने हात वर करून विचारलं, “मधलं पुन्हा एकदा दाखवाल का?” आणि मामाने मधलं पुन्हा दाखवलं, अगदी सावकाश, जीभ तोंडात सरकेपर्यंत. मग त्याने जोडलेलं लाकूड उलटं धरून हलवलं. निखळलं नाही. पडद्यावर सगळ्या मुलांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. हातांनी बोलणारे टाळ्या अशाच वाजवतात.

बाईंनी मुलांकडे पाहून विचारलं, “समजले का यांचे हात?” मुलांनी काय सांगितलं ते सांगायला नको. बाई मामाकडे वळून म्हणाल्या, “सोमवारी शाळेत या. येताना तुमची हत्यारं घेऊन या.”

इकडे मधल्या वाटेत चारही दारं उघडली होती आणि घर गोळा झालं होतं. नेट गेलं, आजोबा म्हणाले. माझंही गेलं, आत्या म्हणाली. बाबा खिसे चाचपत होते. आजी म्हणाली, बटण दाब गं लवकर, अर्धाच बघून झालाय. सगळे एकदम बोलत होते, एकमेकांवर आवाज चढवत.

भिंगरी स्टुलावर बसली, राउटर मांडीवर घेऊन. तिने एक बोट बटणावर ठेवलं, पण दाबलं नाही. दुसरा हात उचलून तिने स्वतःच्या ओठांवर आडवा धरला, मग तोच हात त्यांच्यापुढे पसरला: तोंडाने नाही, हातांनी मागा. बाबांचे हात खिशांतून बाहेर आले. मागे मामा दारात येऊन उभा राहिला होता. भिंगरी पहिल्यांदा आजोबांकडे वळली आणि वाट बघत राहिली.